लेबलं सुटलेल्या दोन बाटल्या

मला साखर कारखान्याच्या डिस्टिलरीचा प्रमुख केलं, त्याच्या सात-आठ महिने आधीच माझा वास गेला होता. तापाचं निमित्त झालं. ताप उतरला, वास परत आला नाही. हे फक्त हिला माहीत होतं; दूध नासलं की नाही ते तीच बघायची. कारखान्यात मात्र माझ्या नाकाची ख्याती होती. मळी आंबत असलेल्या हौदाशी उभं राहून, ती बिघडली का हे मी नुसत्या वासावर सांगायचो. बढती मिळाली ती त्यावरच. उपकरणांवर माझं भागत होतं, पण लोकांना उपकरणाआधी माझ्या तोंडाकडे बघायची सवय होती.

त्या बढतीचा आनंद म्हणून दोन मित्रांनी शनिवार-रविवारचा बेत केला. एकाचा बेलापूरजवळ मळा होता, हिला घेऊन मुक्काम त्याच्याकडे. दुसरा फ्रान्समध्ये यंत्रांचं शिक्षण घेऊन नुकताच परतला होता. त्याने चार बाटल्या वाइन आणली होती, दोन पांढऱ्या, दोन लाल. लालपैकी एक साधी, दुसरी फार उंची. ती उंची बाटली रविवारी जेवायला येणाऱ्या आमच्या साहेबांसाठी राखलेली होती.

शनिवारी पांढऱ्या उघडल्या. मी आधी तोंड उघडलं नाही.

"लई हलकी हाय," मळेवाला म्हणाला. "कैरीच्या पन्ह्यावानी."

"कैरीच," मी म्हणालो.

"बघ, लगेच धरलं त्याने," फ्रान्सवाला म्हणाला.

दुसऱ्या दिवसाची धाकधूक होतीच. पण बाटल्यांवर लेबलं होती. उंची कोणती ते आधी कळलं, की तिच्याबद्दल चार शब्द बोलता येतात.

लाल बाटल्या गार राहाव्यात म्हणून रात्रभर विहिरीत सोडायची कल्पना माझीच. दुष्काळाने पाणी तळाला गेलं होतं. दोराला दोर बांधून बादली सोडली. सकाळी वर ओढली तर लेबलं सुटून बादलीत त्यांचा लगदा झालेला. बाटल्या एकसारख्या.

"आता रं?" मळेवाल्याने विचारलं.

"आता काय, हा आहे की," फ्रान्सवाला म्हणाला. "मी यंत्रवाला माणूस, तिथे पुढ्यात येईल ते प्यालो. दोन्ही उघडतो, हा सांगेल. पण घोटच घे हं, साहेबांना उरली पाहिजे."

ही चुलीपाशी होती. तिथूनच म्हणाली, "अहो, सर्दी झालीय ना तुम्हाला? कशाला सकाळी सकाळी?"

"काल तर न्हवती, वैनी," मळेवाला हसला.

ती मला सुटायला वाट करून देत होती. मी म्हणालो, "किरकोळ आहे." का म्हणालो? मित्रांसमोर नाक गेलेला माणूस व्हायचं नव्हतं, आणि दुपारी साहेब यायचे होते.

पहिलीचा घोट जिभेवर तुरट लागला, बाकी काही नाही. दुसरीचा घेतला आणि नाकात झणझणलं. इतक्या महिन्यांत पहिल्यांदाच नाकाला काहीतरी लागलं होतं. मला इतका आनंद झाला की दुसरा विचारच शिवला नाही. जोरदार ती उंची, असं मनाने ठरवून टाकलं. "ही," मी म्हणालो.

दुपारी साहेबांनी पहिला घोट घेतला आणि थांबले. "ही उंची?"

"हो साहेब. जुनी आहे, जरा अंगावर येते."

"तुम्ही म्हणता म्हणजे असणार." त्यांनी पेला संपवला. डोळ्यांत पाणी आलं तरी संपवला.

मळेवाला म्हणाला, "ह्ये तर लोणच्याच्या…" पुढचं त्याने गिळलं, कारण फ्रान्सवाल्याने टेबलाखालून त्याला पाय मारला होता. फ्रान्सवाल्याने स्वतः एकच घोट घेतला आणि माझ्याकडे बघितलं.

"फसवलं तुम्हाला तिथल्या दुकानदारांनी," साहेब त्याला म्हणाले.

"फसवलं खरं," तो हसून म्हणाला. उरलेली बाटली त्याने पुढे केली नाही. केली असती तर मी उघडा पडलो असतो.

जीपमध्ये बसताना साहेब मला म्हणाले, "उद्या नव्या हौदाशी लवकर या. तुम्ही सांगितल्याशिवाय पुढे जायचं नाही."

"येतो," मी म्हणालो.

जीप गेल्यावर फ्रान्सवाल्याने त्या उरलेल्या बाटलीतली वाइन मला दिली. "काय लागतं?"

मी घोट घेऊन पेला खाली ठेवला.

"साहेबांना दिली ती आंबून व्हिनेगर झाली होती रे. कुणालाही कळलं असतं. कधीपासून असं?"

मी सगळं सांगितलं. त्याने ऐकून घेतलं. म्हणाला, "साहेबांना सांग. जागा जाईलच असं नाही."

"सांगतो."

"उद्या?"

"सांगतो म्हटलं ना."

दुसऱ्या दिवशी हौदाशी सगळे माझ्याकडे बघत उभे होते. मी शेजारच्या कामगाराकडे वळलो. "तुला काय वाटतं?" तो गोंधळला, वाकला, वास घेतला. "बेस हाय, साहेब."

"बरोबर," मी म्हणालो.

तिथून पुढे रोज तेच. आधी त्यांना विचारायचं, मग बरोबर म्हणायचं. मी माणसं तयार करतो असं कारखान्यात म्हणू लागले. ते साहेब निवृत्त झाले. फ्रान्सवाल्याने दोन-तीनदा विचारलं, "सांगितलंस?" मग विचारणं सोडलं. त्याच्या घरी जायची मलाच लाज वाटू लागली.

गेल्या आठवड्यात एकाच हौदाशी दोघा कामगारांनी दोन उत्तरं दिली. एक म्हणाला बिघडलंय, दुसरा म्हणाला बरं आहे. दोघंही माझ्या तोंडाकडे बघत राहिले.

"मला वास येत नाही," मी म्हणालो.

त्यांना वाटलं, मी परीक्षा घेतोय. पुन्हा सांगावं लागलं.