सोनीबाईंचा राब आणि आमचं व्हायोलिन

मंठ्याहून निघताना आईने भाकरी बांधून दिल्या आणि शेजारच्या काकूंना ऐकू जाईल अशा बेताने म्हणाली, "सिनेमाच्या कामाला चाललाय." सिनेमा नव्हता, हवामानबदलावरचा माहितीपट होता. पण घरातला पहिला पदवीधर कामाला लागला, एवढं तिला पुरे होतं. काम दुभाष्याचं. ठाणे जिल्ह्यातली माणसं काय बोलतात ते दिग्दर्शिका रेवा मॅडमना समजावून सांगायचं. मॅडमना मराठी येत नाही. त्यांचं बोलणं मी इथे मराठीत लिहितो आहे. मी त्यांचा ऋणी आहे. पृथ्वी कशी वाचवतात, हे त्यांनी मला तीन दिवसांत शिकवलं.

एसटीने कल्याण, तिथून भिवंडी. भिवंडी आधी कानाला भेटते. गल्लोगल्ली कापडाच्या लूमचा खटखटाट, आणि चहावाल्यापासून सगळे त्यावर मात करून बोलतात. नाक्यावर आमचे ड्रायव्हर इक्बालभाई एसी चालू ठेवून उभे होते. तो एसी पुढे तीन दिवस बंद झाला नाही. तापमानवाढीवर काम करणाऱ्यांना उकडून कसं चालेल?

पहिला थांबा वळ गाव. मैलभर गोदामंच गोदामं, दारात कंटेनरच्या रांगा. इक्बालभाई म्हणाले, "मॅडम, ये कैमरे में लीजिए ना. पहले इधर पूरा धान का खेत था."

मॅडमनी काच अर्धी खाली केली. "पत्रे बघून कुणाला रडू येत नाही." काच पुन्हा वर गेली. ड्रोनची नवी बॅटरी मात्र त्याच सकाळी अशाच एका गोदामातून आली होती. काल मागवली, आज हजर. कौतुक वाटलं.

दुसऱ्या दिवशी वज्रेश्वरी. गरम पाण्याची कुंडं पाहून मॅडमचे डोळे चमकले. कॅमेरामन टोनीने वाफेत शिरून दृश्य घेतलं आणि वहीत नाव लिहिलं, 'उकळती पृथ्वी'. मी फुलं विकणाऱ्या आजींना विचारलं, पाणी अलीकडे जास्त तापतं का?

"अरं, देवीचा पानी हाय त्यो! माज्या आजीच्या आजीलाबी चटका बसलेला."

मी तसंच सांगितलं. मॅडम म्हणाल्या, "आजी नको. वाफ ठेवू."

परतताना अंबाडी नाक्यावर वडापाव खाऊन निघालो आणि एका नव्या गोदामामागून धूर दिसला. "थांबव!" मॅडम ओरडल्या. मागे दहा-बारा घरांचा आदिवासी पाडा होता. समोर काळाठिक्कर जमिनीचा तुकडा, कडेने अजून धुमसणारा, आणि मधोमध काठी घेतलेली एक बाई. टोनी चपला गाडीत विसरून धावला. मॅडम हळूच म्हणाल्या, "जळलेलं शेत. देवा, हेच हवं होतं."

बाईंचं नाव सोनीबाई. मी विचारलं, "मावशी, आग कशी लागली?"

"लागली न्हाय. मीच लावली सकाली. राब हाय यो." (राब : भाताचं रोप टाकायची जागा. तिच्यावर पालापाचोळा, फांद्या, शेण पसरून पावसाआधी जाळतात. रोप चांगलं येतं, तण मरतं.) "तुमच्याकडं भात न्हाय पिकत का? मंग शिकलास काय?"

मी मॅडमना राब समजावला. त्यांनी समजुतीने मान हलवली. "ठीक. पण दिसतंय तर जळलेलंच ना? त्यांना म्हणावं जुनी साडी नेसा. आणि बोलू नका, राखेकडे बघा."

"पाहुनं आल्यावर फाटका नेसू?" सोनीबाई हसल्या. साडी बदलली नाही. आम्हाला तांदळाची भाकर आणि सुकट मात्र दिली. मॅडम-टोनींनी बाटलीतलं पाणी पिऊन आभार मानले. मी दोन भाकरी खाल्ल्या.

मग कॅमेऱ्यासमोर उभ्या राहिल्यावर सोनीबाई राखेकडे बघेचनात. हात गोदामाच्या भिंतीकडे करून बोलू लागल्या, "पाऊस आता आठवन झाल्यावानी येतो, न आला का एकदम वततो. वतला तरी चाललं असतं, व्हळ व्हता तवा." (व्हळ : ओहोळ.) "त्यो मुरूम टाकून बुजवला, वर भिंत बांधली. गेल्या साली पानी माज्या चुलीत आला, रोप वाहून गेला. पावसाच्या आत तिथं भिंतीखालून पानी जायाला मोरी टाका म्हनावं. येवढाच." नंतर मला बाजूला घेऊन विचारलं, "यात माजा व्हळ येल ना?"

"येईल, मावशी," मी म्हणालो. शिकलेल्या माणसाचा शब्द होता, त्यांनी लगेच मानला.

मंठ्याला परतल्यावर मी त्यांचं बोलणं अक्षर न गाळता भाषांतर करून पाठवलं. मॅडमचा फोन आला. "सुंदर लिहिलंयस. पण हे फार स्थानिक आहे रे. मोरीने जग हलत नाही. चेहरा आहे, राख आहे, वर व्हायोलिन लावू."

महिन्याभराने लिंक आली. मोबाइल भिंतीला टेकवून मी आणि आई बघत बसलो. आधी वाफ, मग ड्रोनवरून काळा तुकडा, मग सोनीबाईंचा चेहरा, हळू केलेला. ओठ हलत होते, वर व्हायोलिन. खाली अक्षरं : 'उष्णतेने तिचं शेत गिळलं.' माझेही डोळे भरून आले. मला सगळं माहीत असूनसुद्धा. कला म्हणतात ती हीच.

आईला वाचता येत नाही. ती म्हणाली, "बाई काहीतरी सांगायलीय. काय म्हणते?"

मी व्हळ, मुरूम, भिंत, मोरी सगळं सांगितलं.

"मग ते वाजवायचं थांबवून ऐकावं की तिचं."

चार दिवसांनी इक्बालभाईंचा फोन आला. ते भाडं घेऊन अंबाडीकडे गेले होते, वाटेत पाड्यावर थांबले. "भाईजान, पानी घर में आ गया. राब का पूरा रोपा बह गया. बाई पूछ रही थी, पिच्चर में उसका नाला आया क्या?"

मी त्यांना "बाद में बताता हूँ" म्हणालो. माहितीपटात नाही आला, सोनीबाई. इथे लिहिला आहे, आणि इथे व्हायोलिन नाही.