मामूंचं मत

स्वतःचं मत नसलेला माणूस आख्ख्या धाराशिव जिल्ह्यात एकच आहे, आणि तो माझ्या बायकोचा मामा आहे. बाकी आम्हा सगळ्यांकडे मतं रगड. येडशीच्या स्टँडवर नुसता चहा मागवला तरी सोबत दोन-चार फुकट मिळतात. मामू मात्र तरुणपणी मदरशात शिकले आणि तिथला एक नियम घेऊन गावी परतले. कुराणाचा अर्थ आपल्या मतानं लावायचा नाही. जुन्या जाणकारांनी एकमेकांकडून ऐकून जो सांगितला, तोच सांगायचा. मनानं लावलेला अर्थ बरोबर निघाला तरी ती चूकच. नियम ग्रंथापुरता होता. मामूंनी तो पार कालवणापर्यंत आणला. मीठ बरोबर पडलंय का, असं मामींनी विचारलं की ते आधी जेवून उठलेल्यांनी काय सांगितलं याची चौकशी करतात.

असा माणूस बियाणांचं दुकान चालवतो, यावर नवख्याचा विश्वास बसत नाही. शेतकरी येऊन विचारतो, सोयाबीनचं कोणतं वाण चांगलं? दुसरा दुकानदार छातीवर हात ठेवून सगळ्यांत महागडी पिशवी काढेल. मामू सांगतात, कंपनी असं म्हणते, अणदूरचा एक जण तसं म्हणतो. मात्र अणदूरवाला शेजाऱ्याचा बांध कोरतो, तेव्हा त्याचा शब्द जरा कच्चा धरा. कंपनीनं कुणाकडून ऐकलं, ते पिशवीवर लिहिलेलं नाही. गिऱ्हाईक कंटाळून समोरच्या दुकानात जातं, आणि मामू जाताना त्याला सलामही करतात.

त्यांची एकुलती एक मुलगी शाहीन नर्सिंग शिकली. लातूरच्या एका दवाखान्यात तिला नोकरी लागली आणि त्याच सुमारास ईट गावाहून स्थळ आलं. मुलाचे वडील प्लॉटच्या धंद्यात गब्बर झालेले. त्यांचं सगळं धार्मिक शिक्षण मोबाइलवर झालेलं, त्यामुळं शंका अशी कधी शिवली नव्हती. बिर्याणीवर हात मारून झाल्यावर त्यांनी जाहीर केलं की मुलगी पसंत आहे, पण नोकरी सोडावी लागेल. बाईनं घरात राहावं असं कुराणातच आहे. हा अर्थ कुणी सांगितला, असं मामूंनी विचारलं.

"त्यात सांगायचं काय? सरळ हाय. मला तर असंच वाटतं."

मामूंचा चेहरा दाढ ठणकल्यासारखा झाला. त्यांनी उठून कपाटातले जाडजूड ग्रंथ काढले आणि वाचायला बसले. कुराणातली ही आयत, म्हणजे हे वचन, पैगंबरांच्या घरातल्या स्त्रियांना उद्देशून आहे. कुणी म्हणतं ती सगळ्याच बायकांना लागू, कुणी म्हणतं गरजेला बाहेर पडायला हरकत नाही. मग यातला कोण कुणाचा शिष्य, कुणाची आठवण पक्की. पाहुण्यांचा दुसरा चहा झाला, नवऱ्या मुलाला डुलकी लागली, तरी मामू थांबेनात. शेवटी ग्रंथ मिटून ते अदबीनं म्हणाले, "तुमचं वाटणं तुमच्या घरी ठेवा. अल्लाच्या नावावर इकू नका."

स्थळ मोडलं. मामींनी बोलणं टाकलं. म्हाताऱ्यानं पुस्तकं काढून पोरीचं लग्न घालवलं, असं भावकीत सगळीकडे झालं. मलाही त्यांचा राग आला होता, पण वेगळ्या कारणानं. एवढं वाचून दाखवलं, त्यात 'पोरीला जाऊ द्या' हे एक वाक्य काही या माणसाच्या तोंडून निघालं नाही.

शाहीनलाही ते लागलं असावं. नोकरीवर रुजू व्हायच्या आदल्या संध्याकाळी आम्ही अंगणात बसलो होतो. तिनं हळूच विचारलं, "अब्बा, कुराणाचं न्हाय इचारत. तुमचं इचारते. मी जाऊ का?"

मामूंनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली आणि तिच्या कडा सरळ केल्या.

"मला वाटतं, तू जाऊ नये," ते म्हणाले. 'मला वाटतं' हे त्यांच्या तोंडून मी पहिल्यांदाच ऐकत होतो. "घर खायला उठंल. पण हे माझं नुसतं मत हाय, बेटा. मतावर चालायचं नसतं. सकाळची गाडी धर."