ताटाची डावी बाजू

अर्धांगवायूतून उठलेले काका जेवत होते. उजवीकडची भाजी-आमटी संपली, डावीकडची कोशिंबीर तशीच. "महिनाभर हेच. मुद्दाम करतात, माझ्यावरचा राग!" काकू म्हणाली. मी ताट फिरवलं. काका चमकले, "अगं, कोशिंबीर होती होय? आधी वाढायची ना!"

मेंदूचा उजवा भाग दुखावला की डोळे धड असूनही डावीकडचं जग माणसाच्या लेखी उरत नाही. आणि आपण त्याला हट्ट म्हणतो! हॉस्पिटलच्या कागदावर ढीगभर गोळ्या. हे एक वाक्य लिहायला कुणाचा हात मोडला होता? आणखी किती घरांत असले खोटे राग शिजत असतील? मला बसवेना, मी काकूला हे सगळं समजावून सांगितलं.

काकू हळूच म्हणाली, "रोज यांच्या डावीकडे बसून बोलायचे रे मी. एकदाही वळले नाहीत."