पूजेच्या दिवशी गेलेला मेल

ते प्रकरण छोटे होते. गुन्हाही नोंदला गेला नाही. तरी निवृत्तीनंतर सगळ्यात आधी तेच आठवते.

डोंबिवलीत राहणारी आणि नौपाड्यातील एका कार्यालयात नोकरी करणारी तरुणी आमच्या पोलीस ठाण्यात तक्रार अर्ज घेऊन आली. तिला बंगळूरला नोकरी मिळाली होती, पण तिच्याच खाजगी मेलवरून कोणीतरी परस्पर नकार कळवला. ती जागा गेली.

"मेल कुठे कुठे उघडता?"

"ऑफिसात आणि घरी. दोन्हीकडे चालूच असतो, सर. रोज कोण पासवर्ड टाकत बसणार?"

शेजारच्या टेबलावरच्या सहकाऱ्यावर तिचा संशय होता. त्याच जागेसाठी त्यानेही अर्ज केला होता. दोन हवालदार भरदुपारी जाऊन त्याला कार्यालयातून घेऊन आले.

"साहेब, पुढच्या महिन्यात माझं लग्न आहे," तो म्हणाला. "सगळ्यांसमोर आणलंत मला. सासरी कळायला किती वेळ लागतो?"

"मग मेल काय कॉम्प्युटरनं स्वतः टाइप केला?" हवालदाराने टोमणा मारला.

मी मेलची तारीख वाचून दाखवली. त्याने बोटांवर दिवस मोजले.

"ती तर खंडेनवमी. सकाळीच पूजा झालेली. सगळ्या कॉम्प्युटरना हार घालून बंद केलेलं. आमच्याकडे दसरा होईपर्यंत कोणी हात लावत नाही. विचारा कोणालाही."

विचारले. शिपायापासून मॅनेजरपर्यंत सगळ्यांनी तेच सांगितले. मेल गेला त्या वेळी तक्रारदार स्वतः तिथे प्रसाद वाटत होती.

राहिला घरचा संगणक. घरी कोण असते, या प्रश्नावर तिचा चेहरा उतरला. "आई-बाबा. पण बाबा कशाला..."

वडिलांना ठाण्यात बोलावून घेतले. त्यांनी फार ताणले नाही. ते चपलांकडे पाहत म्हणाले, "तिच्या आईचं दुखणं मला एकट्याला निभत नाही. जाऊ नकोस म्हणायची हिंमत झाली नाही. मेल उघडाच होता."

"मला विचारायचंत तरी, बाबा."

तिने अर्ज मागे घेतला आणि बाहेर बाकावर बसलेल्या सहकाऱ्याला सॉरी म्हणाली.

"इथे नको. ऑफिसात सांग," तो म्हणाला.

"मी येतो," वडील म्हणाले. "मीच सांगतो सगळ्यांना."

"नको बाबा. घरी चला." तिने त्यांचा दंड धरला आणि मान वर न करता त्यांना घेऊन गेली. कार्यालयात तिने काहीच सांगितले नाही, हे मला नंतर कळले.

संशय नेहमी परक्याच्या टेबलावर आधी जातो, हे त्या प्रकरणाने शिकवले. संशयिताला आणताना लोक पाहतात. सोडताना कोणी पाहत नाही, हेही.

दोन दिवसांनी तो परत आला. त्याने काही केले नाही, एवढेच लिहिलेला शिक्क्याचा कागद त्याला हवा होता. सासऱ्यांना दाखवायला.

असा कागद पोलीस ठाण्यात देत नाहीत, हे त्याला मलाच सांगावे लागले.