आईच्या चेहऱ्यावरचं पुरळ

आईला फुप्फुसाचा कॅन्सर झाला तेव्हा जो तो आधी एकच विचारायचा, "मिश्री लावायच्या का?" आईनं जन्मात तंबाखूला हात लावला नव्हता. नव्वदच्या दशकात, मी कॉलेजात होते तोवर, ती इचलकरंजीला मागाच्या शेडमध्ये कांड्या भरायची, म्हणजे धोट्यात बसणाऱ्या कांड्यांवर सूत गुंडाळायची. वडील लवकर गेले. त्या कामावर तिनं मला शिकवलं. मी कोल्हापुरात बँकेत लागले, लग्न झालं, आणि काही वर्षांनी तिला माझ्याकडे घेऊन आले. तिचा आजार निघाला तेव्हा आम्ही उचगावात भाड्यानं राहत होतो आणि कसबा बावड्यात आमचं स्वतःचं घर बांधून होत आलं होतं.

केमोचे डोस तिला सोसले नाहीत. मग डॉक्टरांनी एक नवी गोळी सुरू केली, रोज एक. "कातडीवर थोडंफार काही उठेल, घाबरू नका," असं ते म्हणाले होते. मी ते नीट ऐकलंच नाही. सलाईन नको, उलट्या नकोत, एवढंच माझ्या डोक्यात राहिलं.

आठ-दहा दिवसांत तिच्या नाकावर आणि गालांवर लाल पुरळ उठलं. मग ते कपाळावर गेलं, केसांत गेलं, छातीवर उतरलं. त्यात पू धरायचा, खपल्या धरायच्या. मी मेडिकलमधून मुरमांची क्रीम आणली आणि रोज सकाळ-संध्याकाळ तिच्या तोंडाला चोळायला लागले.

"आग व्हतीया गं," ती म्हणायची.

"थोडं सोस आई. लवकर जाईल."

ते लवकर जायला हवं होतं, कारण पुढच्या रविवारी गृहप्रवेश होता. बँकेतले सगळे येणार होते, मॅनेजरसाहेब सहकुटुंब. बुद्धवंदना आईनं सांगायची, पहिली मेणबत्तीही तिनंच लावायची, हे घराचा पाया खणला तेव्हाच ठरलं होतं. त्यासाठी तिनं पांढरी साडी घेऊन ठेवली होती.

रविवारी सकाळी नव्या घरात ती साडी नेसून, केस विंचरून बाहेर आली. उजेडात मी तिचा चेहरा पाहिला. क्रीमनं कातडी फाटली होती, पुरळ आणखी भडकलं होतं.

"तू आतल्या खोलीत आडवी हो," मी म्हणाले. "उगीच दगदग नको."

"मी बरी हाय की. मला काय झालंय?"

"लोकं येणार आहेत, आई."

मग तिनं गालाला हात लावला.

"व्हय," ती म्हणाली. "लोकं येणार हायत." आणि आत गेली.

माझ्या नवऱ्यानं हे ऐकलं. दिवसभर त्यानं माझ्या नजरेला नजर दिली नाही.

पाहुणे आले. बँकेत माझ्या शेजारच्या टेबलावर बसणाऱ्या मॅडमनी विचारलं, "आई कुठायत?" मी म्हटलं, "बरं नाही त्यांना, झोपल्यात." मेणबत्ती मी लावली. ओळखीच्या एका बौद्धाचार्यांनी वंदना सुरू केली, सगळे हात जोडून बसले. आणि आतून आईचा आवाज यायला लागला. ती खोलीत बसून त्रिशरण म्हणत होती, बाहेरच्यांच्या अर्धा शब्द पुढे, दम लागत होता तरी. दोन-चार माना तिकडं वळल्या. मी उठले आणि खोलीचं दार ओढून घेतलं.

आवाज थांबला. वंदना संपेपर्यंत आतून पुन्हा काही ऐकू आलं नाही.

त्याच आठवड्यात डॉक्टरांकडे तपासणी होती. आई पदर तोंडावर ओढून बसली होती. डॉक्टरांनी तो बाजूला करायला सांगितला आणि चक्क खूश झाले.

"वा, आजी! याचीच वाट बघत होतो."

मग त्यांनी सावकाश समजावलं. पेशींच्या अंगावर रिसेप्टर असतात, बाहेरून वाढीचा निरोप आला की ते तो आत पोचवतात. आईच्या गाठीतले रिसेप्टर निरोप असो-नसो, सारखे 'वाढा, वाढा' सांगत होते. ही गोळी त्यांना गप्प करते. पण तसलेच रिसेप्टर चांगल्या कातडीतही असतात, गोळी त्यांनाही गप्प करते, म्हणून पुरळ.

"ज्यांना असं उठतं, त्यांना बऱ्याचदा गोळी लागू पडते," ते म्हणाले. एक्स-रे उजेडावर धरून त्यांनी दाखवला. डाग लहान झाला होता. मग चेहरा जवळून बघून त्यांनी विचारलं, "पण हे फाटलंय कशानं? काय लावता?"

मी क्रीमचं नाव सांगितलं.

"कुणी दिली?"

"मीच," मी म्हणाले. त्यांनी ती क्रीम त्या दिवसापासून बंद केली.

परत येताना रिक्षात आई म्हणाली, "मंजी त्या दिवशी मी भाईर बसले असते तरी चाललं असतं की." आवाजात राग नव्हता. मी रस्त्याकडे बघत बसले.

त्या गोळीवर आईला वर्षाहून थोडा जास्त काळ मिळाला. ती नव्या घराच्या पायरीवर उघड्या तोंडानं बसायची. येणारा-जाणारा विचारायचा, तर सांगायची, "औषध लागू पडलंय. पुरळ हाय तवर मी हाय." आणि मी रोज सकाळी चहा देताना तिचा चेहरा न्याहाळायचे. जे पुरळ मी लपवलं होतं, ते आहे ना, हे बघायचे.

मग खोकला परत आला. डाग वाढला होता. डॉक्टरांनी गोळी बंद केली आणि तीन-चार आठवड्यांत आईचं तोंड स्वच्छ झालं. बँकेतल्या मॅडम भेटायला आल्या, म्हणाल्या, "काकू, किती छान दिसताय!"

आई हसली. "व्हय. आता लोकांत बसायजोगी झाले."

मी चहा ठेवायच्या निमित्तानं आत गेले. मॅडम गेल्यावर मात्र तिच्याजवळ बसले आणि म्हणाले, "आई, गृहप्रवेशाच्या दिवशी मी तुला..."

तिनं मला पुढं बोलू दिलं नाही. "तू लई दमली व्हतीस त्या दिवशी," ती म्हणाली. "पाच-पन्नास माणसांचं जेवण मंजी काय चेष्टा हाय?"

जेवण आचाऱ्याकडे होतं, हे तिलाही माहीत होतं. मी दमले नव्हते. तरी मी "हो" म्हणाले.

दोन महिन्यांनी ती गेली. तोवर रोज तिच्याजवळ बसत होते, पण तो "हो" मी मागं घेतला नाही.