बाबांना दाखवलेलं पिस्तूल

बाबा तीन महिन्यांसाठी आमच्याकडे ऑकलंडच्या फ्लॅट बुश भागात आले, तेव्हा मी एक जुनं पिस्तूल घ्यायच्या विचारात होतो. पॉइंट टू-टूचं, कागदावर नेम धरायचं. इथे पिस्तूल फक्त क्लबच्या रेंजवरच चालवता येतं. सहा महिने मी तिथे नियमित हजेरी लावली. पोलीस घरी येऊन माझ्याशी बोलले, बायकोशी वेगळं बोलले, गॅरेजमधली तिजोरी हलवून पाहिली. मग कुठे परवानगी मिळाली.

विकणारा क्लबचा सर्वांत जुना सभासद, निवृत्त शाळामास्तर. डोळ्यांनी दगा दिला म्हणून विकत होते. लाकडी मूठ त्यांच्या तळहाताने गुळगुळीत झालेली. माझ्या हातात ती अशी बसली की खाली ठेववेना.

"टेक युअर टाइम," ते म्हणाले. "तुझं ठरेपर्यंत दुसऱ्या कुणाला दाखवणार नाही."

माझं खरं तर ठरलंच होतं. तरी मी म्हणालो, वडिलांना दाखवतो आणि मग सांगतो. आपल्याकडे रीतच आहे ती. स्कूटर असो की फ्लॅट, वडिलांना दाखवायचं आणि त्यांनी मान डोलावली की घ्यायचं. मास्तरांना हे फार आवडलं. माझ्या पोटात काय होतं ते त्यांना सांगायची काही गरज नव्हती.

बाबा पोलिसांत हवालदार होते आणि जिल्ह्याच्या संघातले नेमबाज. शोकेसभर कप होते त्यांचे. मी नऊ वर्षांचा असल्यापासून ते मला रोज संध्याकाळी अंगणात उभं करायचे, उजवा हात सरळ पुढे आणि हातात पाण्याने भरलेला तांब्या. पाणी सांडलं की म्हणायचे, "हात हलला." आणि पुन्हा पहिल्यापासून. पाहुणे आले तरी सुटका नसायची. "पोरीचा हात दिलाय देवाने याला," ते म्हणायचे आणि पाहुणे हसायचे. मीही हसायचो, कारण रडलं तर आणखी एक तांब्या.

आणि आता ऑकलंडच्या विमानतळावर ट्रॉली ढकलत बाहेर आले, तर त्यांचाच उजवा हात थरथरत होता. कंपवात झालाय हे फोनवर कळलं होतं, पण डोळ्यांनी पाहणं वेगळं. बायको त्यांना चहा अर्धा कपच द्यायला लागली. आमची सहा वर्षांची मुलगी म्हणाली, "आजोबा, व्हाय इज युअर हँड डान्सिंग?" त्यांनी हात खिशात घातला. मला वाईट वाटायला हवं होतं. मला बरं वाटलं.

"त्यांना तिकडे नेऊ नकोस," बायको म्हणाली.

"पिस्तूल दाखवतोय फक्त."

"मला नको सांगूस," ती म्हणाली आणि कपड्यांच्या घड्या घालायला लागली.

शनिवारी बाबा इस्त्रीचा पूर्ण बाह्यांचा शर्ट घालून, बुटांना पॉलिश करून तयार होते. मास्तर "किआ ओरा" असा माओरी नमस्कार करत पुढे आले आणि त्यांनी पिस्तूल बाबांसमोर टेबलावर ठेवलं. बाबांनी ते उघडून रिकामं असल्याची खात्री केली, नळीतून पाहिलं, दोनदा चाप ओढून बघितला. तेवढ्यापुरते ते पूर्वीचे बाबा झाले. "चाप हलका आहे. नळी जपलीय माणसाने. घे," ते म्हणाले.

तिथे थांबता आलं असतं.

"असं कसं बाबा? चालवून बघा. तुम्ही चालवल्याशिवाय मी नाही घेणार."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. आयुष्य पोलिसांत गेलेला माणूस, त्यांना लगेच कळलं. पण चार लोक बघत होते आणि माघार घेणं त्यांच्या रक्तात नव्हतं. क्लबचा माणूस नियमाप्रमाणे त्यांना चिकटून उभा राहिला. मास्तर हळूच म्हणाले, "बोथ हँड्स, मेट. हीप्स ऑफ अस डू." क्लबात पुष्कळ जण दोन्ही हातांनीच धरायचे. बाबांनी नकारार्थी मान हलवली आणि एकट्या उजव्या हाताने पाच गोळ्या झाडल्या.

कागद कोरा होता. शेजारच्या कागदाच्या कडेला तेवढं एक भोक पडलं होतं.

"हात हलला," मी म्हणालो. मराठीत, मोठ्याने. तिथे ते एकट्या त्यांनाच कळणार होतं.

मग मी पाच गोळ्या मारल्या. पाचही काळ्या वर्तुळात. कागद आणून त्यांच्यासमोर धरला. येताना मोटरवेवर मी चक्क गुणगुणत होतो.

घरी आल्यावर ते खोलीत फोनवर काकांशी बोलत होते. दार उघडंच होतं. "माझी एकही नाही लागली," ते हसत म्हणाले. "पण याच्या पाचच्या पाच मधोमध! हात नाही, दगड आहे दगड. तांब्या घेऊन उभा करायचो ना मी याला? आता बघ म्हणावं."

मी टॉवेल हातात धरून दाराबाहेर उभा राहिलो. सगळी मजा गेली. हेही त्यांनी स्वतःच्याच नावावर करून घेतलं होतं. आता त्या पिस्तुलातून मी जे काही मारीन, ते त्यांच्या तांब्याचं.

दुसऱ्या दिवशी मी मास्तरांना नको म्हणून कळवलं. काही खोट आहे का त्यात, त्यांनी विचारलं. नाही, म्हणालो.

आठवड्याने बाबांनी विचारलं, "कधी आणतोयस पिस्तूल?"

"गेलं ते. दुसऱ्याने घेतलं. तुम्हाला दाखवायचं म्हणून थांबलो ना, तेवढ्यात."

हे मी का म्हणालो ते मला माहीत आहे, पण त्याने काही फरक पडत नाही.

"चुकलं माझं," बाबा म्हणाले.

त्यांच्या तोंडून हे शब्द मी आयुष्यात पहिल्यांदा ऐकले. ते ऐकण्यासाठी मी नऊ वर्षांचा असल्यापासून थांबलो होतो आणि ते त्यांनी न केलेल्या चुकीसाठी वापरले. खरं सांगून टाकायला तो क्षण चांगला होता. "चहा गार होतोय," मी म्हणालो. त्या दिवशी चहा मी केला होता आणि त्यांचा कप काठोकाठ भरला होता. त्यांनी तो उचललाच नाही.