रस्त्यापलीकडचं मत

आर्डिथ टोलफसननं नवऱ्याबरोबर थाटलेलं एकोणचाळीस वर्षांचं घर भाड्यानं दिलं आणि रस्ता ओलांडून ती समोर दिराकडे राहायला गेली, तेव्हा गल्लीत जी बातमी उठायची तीच उठली. वहिनी अडुसष्टची, दीर मर्ल चौसष्टचा, दोघंही एकेकटे. लोकांना दुसरं काय सुचणार? शुक्रवारी मासे खायला जमणाऱ्या मंडळींची मजल तर लग्नात केक कोण करणार इथवर गेली. खरं कारण कळलं तेव्हा सगळ्यांचा हिरमोड झाला. बाईला मत द्यायचं होतं.

मत ती आधीही देतच होती. एकही निवडणूक चुकवली नाही, पक्ष कधी बदलला नाही. पण आमच्या रस्त्याच्या मधोमध राज्याची हद्द आहे. अलीकडची घरं इलिनॉयची, पलीकडची विस्कॉन्सिनची. राष्ट्राध्यक्ष निवडताना इलिनॉयचा निकाल शेंबड्या पोरालाही आधीच ठाऊक, आणि तिथं एका मतानं जिंका नाहीतर दहा लाखांनी, राज्याच्या वाट्याची सगळी मतं जिंकणाऱ्या एकाच्याच पदरात. विस्कॉन्सिन मात्र दर खेपेला काट्यावर. त्यामुळे दर चार वर्षांनी ऑक्टोबर उजाडला की पलीकडे वऱ्हाड उतरायचं. शिकागोहून गाड्या भरभरून कार्यकर्ते यायचे, पलीकडे जागा नाही म्हणून गाड्या आर्डिथच्या दारात लावायचे, आणि तिच्याकडे पाठ करून समोरच्या घंटा वाजवायचे. मागच्या खेपेला तिनं एकाला हटकलंच. तो अगदी अदबीनं म्हणाला, "तुमचं राज्य पक्कं आहे, आजी." जसं काही तिचं दुखणंच बरं झालं होतं.

दुखणं होतं ते लाइलचं, तिच्या नवऱ्याचं. सत्तावीस वर्षं ओतकामाच्या कारखान्यात साच्यांची वाळू त्याच्या छातीत गेली. शेवटी शेवटी जिना चढताना तो मध्येच पायरीवर बसायचा आणि बुटाची नाडी सुटल्याचं नाटक करायचा. मेला तेव्हा दाखल्यावर कारण लिहून आलं, धूम्रपान. आयुष्यात सिगारेटला न शिवलेला माणूस. मर्लला ओढायची असली तर भर जानेवारीत दाराबाहेर उभा करणारा. आर्डिथनं पत्रं लिहिली, छापील उत्तरं आली. देशाच्या गादीवर बसू पाहणाऱ्याच्या कानापर्यंत ही एवढी गोष्ट कुणीतरी न्यावी, एवढंच तिचं मागणं. आणि कान तर रस्त्यापलीकडच्यांसाठीच उघडे.

म्हणून सप्टेंबरातच तिनं बाडबिस्तरा हलवला. मतदार व्हायला अठ्ठावीस दिवस तरी तिकडे राहावं लागतं. मर्ल म्हणाला, या वहिनी, फक्त मत कुणाला द्यायचं ते मला शिकवू नका. शिकवून उपयोग नव्हताच. मर्लला बूट घ्यायला दोन तास लागतात आणि शेवटी तो मोजे घेऊन येतो. दोन वेळा साखरपुडा झाला, लग्न एकदाही नाही. आर्डिथ त्याला जन्मभर टोमणे मारत आली, की यमदूत आला तरी हा म्हणेल, उद्या सांगतो.

पहिली घंटा वाजली तेव्हा तिनं इस्त्रीचा ब्लाउज घातला होता, सफरचंदाचा केक केला होता. दारात तिच्याच पक्षाची एक तरतरीत बाई. तिनं विचारलं, मर्ल टोलफसन आहेत का?

"मी आर्डिथ. मीही इथलीच मतदार आहे."

बाईनं फोनवर बोट फिरवलं. "आहात की. पण तुम्ही तर आपल्याच. पक्क्यांकडे वेळ घालवायचा नाही असं सांगितलंय आम्हाला."

बिऱ्हाड हलवलं तरी चाळीस वर्षांची निष्ठा मागोमाग आली होती, यादीत चढून. कोचावर मर्ल बसला. चाळीस मिनिटं त्याची मतं विचारली गेली. दोन्ही बाजूंचं थोडं थोडं पटतं म्हणाला आणि केकचे दोन तुकडे खाऊन मोकळा झाला.

दुसऱ्या दिवशी त्याच पक्षाची शिकागोची एक मास्तरीण आली. आर्डिथनं तिला तोंडच उघडू दिलं नाही. म्हणाली, माझं यंदा ठरत नाहीये. मास्तरणीचा चेहरा असा उजळला, जणू नातू झाल्याची तार आली. मग आर्डिथनं सगळं सांगितलं, वाळू, जिना, दाखला. मास्तरणीनं डोळे पुसले आणि फोनवर एकदाच बोट टेकवलं.

"काय लिहिलंस? दाखव बघू."

सहा विषयांची यादी होती. त्यातल्या 'आरोग्य'समोर बरोबरची खूण.

"आणि लाइल?"

"बाकीचं लिहायला जागाच नाही हो यात," मास्तरीण म्हणाली. खोटं बोलली नाही बिचारी.

त्यानंतर आणखी नऊजण आले, दोन्ही पक्षांचे. खोटं एकदा बोलल्यावर आता तिच्याकडे रांग लागली, मर्ललासुद्धा हेवा वाटावा अशी. प्रत्येकाला तिनं तीच गोष्ट सांगितली, दर वेळी थोडी आखूड करून. आठ ठिकाणी 'आरोग्य', एका ठिकाणी 'रोजगार'. नवव्याला ती नुसतं म्हणाली, "आरोग्यावर टेकव बोट आणि जा."

मतदान चर्चच्या तळघरात होतं. दोघं बरोबरच गेली. आर्डिथ कागद घेऊन आडोशाला उभी राहिली आणि उभीच राहिली. एरवी ती डोळे मिटून खूण करायची. आज आपल्या पक्षाच्या उमेदवाराचं नाव वाचलं तर तिला मास्तरणीचं बोट दिसलं, दुसऱ्याचं वाचलं तर त्या 'रोजगार'वाल्याचं. मागच्या रांगेतला कुणीतरी खाकरला. वीस मिनिटांनी तिनं वरची दोन्ही नावं कोरी सोडली, खाली जिल्ह्याच्या कारकुनाच्या नावापुढे, तोही इथं मतांनीच निवडतात, खूण केली आणि कागद यंत्रात सारला. घेतलं यंत्रानं. त्याला काय?

मर्ल बाहेर सिगारेट ओढत होता. जन्मात नव्हता तेवढा खुशीत. म्हणाला, वहिनी, दारातून आत शिरलो आणि एकदम ठरलंच बघा.

"तुम्ही कुणाला दिलंत?" त्यानं विचारलं.

"तुझं ठरलं ना?" आर्डिथ म्हणाली. "झालं तर मग. गाडी काढ."